घरोघर मालिश करणाऱ्यांसाठी: दिवसाला किती घरं धरावीत?

उंबरठा | सकाळी १०:१२

स्पा किंवा आयुर्वेदिक सेंटरची नोकरी सोडून स्वतःची घरं धरणाऱ्या बऱ्याच जणी (आणि काही जण) इथे आहेत, पण माहिती दहा धाग्यांत विखुरली आहे. एका जागी आणू या. प्रश्न मुद्दाम नेमका ठेवते. घरात शाळेत जाणारी मुलं आहेत आणि मालिशीवर घर चालवायचं आहे. तर दिवसाला किती घरं, कोणत्या वेळेला, दर कसा काढायचा, आणि सगळ्यात आधी काय बिघडतं? मिनिटं, मिली आणि रुपयांत लिहा. कहाण्यांसाठी दुसरा धागा आहे.

सव्वामहिना | सकाळी १०:५५

बाळ-बाळंतिणीच्या घराचा हिशोब देते. पुण्या-मुंबईत बहुतेक स्वतंत्र बायकांची सुरुवात तिथूनच होते.

एका घराला लागणारा वेळ: बाळंतिणीची मालिश ४० मिनिटं, बाळाची १५, दोघांच्या आंघोळी २०, बाळाला गुंडाळून झोपवणं आणि आवराआवर १०. झाली ८५. "तासाभराचं काम" म्हणून घर घेतलं तर रोज २५ मिनिटं फुकट जातात, आणि पुढच्या घरी बाळ भुकेने रडत असतं.

सकाळी ८:३० ला पहिलं घर धरलं, मध्ये २० मिनिटं जाण्यायेण्याची, तर ८:३० ते ९:५५, १०:१५ ते ११:४०, १२ ते १:२५. तीन घरं. चौथं घर म्हणजे तीन वाजतात. कोणतीच आई बाळाला दुपारी दीडनंतर आंघोळ घालू देत नाही, म्हणून चौथं बाळ घेऊच नका. दुपारनंतर जागा असेल तर मोठ्या माणसाची मालिश घ्या.

घरं लावताना क्रम अंतरावर ठरवू नका, बाळाच्या वयावर ठरवा. सगळ्यात लहान बाळ पहिलं. कारण स्वच्छतेचं. हात, कपडे, केस सगळं त्या वेळी ताजं असतं.

रिकामी_वाटी | सकाळी ११:२०

तीनच? आमच्या भागात बायका सहा सहा घरं करतात आणि त्यांचं व्यवस्थित चालतं.

अंगठा_वाचवा | सकाळी ११:४८

@रिकामी_वाटी, चालतं. दोन-तीन वर्षं चालतं. मग मनगटाला क्रेप बँडेज दिसतं.

घरं मोजण्याऐवजी हाताचे तास मोजा. बाळाच्या १५ मिनिटांत हातावर काहीच जोर येत नाही. मोठ्या माणसाच्या पाठीच्या १५ मिनिटांत येतो. माझ्या मते जोराची मालिश दिवसाला ४ तासांच्या वर नको, आणि आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टी म्हणजे "फक्त एकच घर" असला प्रकार नाही.

आता जो हिशोब कोणीच करत नाही तो. घरची कणीकही याच अंगठ्याने मळली जाते. चार माणसांच्या १६ पोळ्यांची कणीक, ओली चादर पिळणं, नारळ खवणं, पाट्यावर वाटणं, हे सगळं अंगठा आणि मनगटाचंच काम. हाताला पैसे देणारी पाठ आणि घरचा पिठाचा गोळा यांतला फरक कळत नाही. बाहेर ४ तास आणि घरी दीड तास म्हणजे साडेपाच तास झाले. म्हणून ज्या दिवशी ही घरं सुरू होतील त्याच दिवशी कणीक, पिळणं आणि खवणं ही तीन कामं घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी गेली पाहिजेत. नवरा, सासरे, बारा वर्षांचा मुलगा, कोणीही. भाजी निवडणं, फोडणी, डबे भरणं तुमच्याकडे राहिलं तरी चालेल, त्याने काही बिघडत नाही. "मी घरातली मदत करतो" असं म्हणून फक्त झाडू मारणाऱ्या नवऱ्याची मदत चुकीच्या जागी होते.

उंबरठा | दुपारी १२:०५

हे वाचून लगेच एक कणीक मळायचं यंत्र बघितलं :)

पण बिघडायला लागलंय हे आधी कसं ओळखायचं?

अंगठा_वाचवा | दुपारी १२:३१

दोन खुणा वेगवेगळ्या आहेत, एकत्र करू नका.

पहिली, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखणं. अंगठा मुठीत घ्या, त्यावर चार बोटं मिटा आणि मूठ करंगळीकडे हळूच वाकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या कडेने जोराची कळ गेली तर तिथल्या दोऱ्यांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांच्या) म्यानाला सूज असण्याची शक्यता. डॉक्टर याला डी क्वेरवेन म्हणतात. लहान बाळं सतत उचलणाऱ्या आयांनाही हाच होतो, त्यामुळे तुमच्या बाळंतिणीलाही असू शकतो.

दुसरी, रात्री झोपेत अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येणं, हात झटकला की बरं वाटणं. ही मनगटातली नस दबण्याची खूण, कार्पल टनेल. करंगळी बधिर होत असेल तर ती नस वेगळी, बहुधा कोपराकडची.

दोन्हीत "तेल लावून शेकते" म्हणत महिना काढू नका. पंधरा दिवस जोराचं काम थांबवून दाखवून या.

मुळात होतं कशामुळे? अंगठा मागे वाकवून त्याच्या टोकाने दाबल्यामुळे. अंगठा दिशा दाखवायला वापरा, जोर द्यायला नको. पाठीच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना लांब दाब हवा असेल तर कोपराखालचा मांसल भाग वापरा. खांद्याच्या गाठीला बोटांची घडी केलेले सांधे किंवा कोपर, अगदी सावकाश. तळहात वापरताना मनगट ९० अंशात मोडू नका. खांदा, कोपर, मनगट एका रेषेत ठेवा आणि अंगाचं वजन त्यावर टाका. हाताने ढकलायचं नाही, पायाने टेकायचं. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे किंचित सैल. हे जमलं की दिवसाच्या शेवटी हात नाही, मांड्या दुखतात. मांड्या दुखल्या तर बरं समजा.

फोल्डिंग_टेबल | दुपारी १:१४

मालिशीच्या टेबलाच्या उंचीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. टेबलाशेजारी सरळ उभ्या राहा, हात सोडा, सैल मूठ करा. मुठीचे सांधे टेबलाला टेकले तर उंची बरोबर. पाच फुटाच्या बाईला ती साधारण २५ ते २६ इंच येते. जोराची मालिश करायची असेल तर आणखी एक-दोन इंच खाली. ग्राहक जाडजूड असेल तरी खाली, कारण त्याची पाठ टेबलाच्या पातळीवर नसते.

फोल्डिंग टेबल घेताना रुंदी २८ इंच बघा. २४ चं स्वस्त आणि हलकं मिळतं पण त्यावर माणसाचे हात लटकतात आणि तो खांदे आवळून झोपतो. लाकडी पायांचं वजन १५ किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमचं थोडं कमी. दोनचाकीवर पाय ठेवायच्या जागेत उभं बसत नाही. रिक्षाने न्यायचं असेल तर ते भाडं दरात धरा, नाहीतर टेबल नेणारी गिऱ्हाइकं आठवड्याचे दोन ठराविक दिवस लावून टाका. पायांचे नट दर महिन्याला आवळा. आधी कुरकुर येते, मग पाय हलतो.

टेबल नसेल तर पलंगावर करायच्या फंदात पडू नका. गादीसकट पलंग १८-२० इंच, म्हणजे कंबर मोडून काम, आणि गादी दाब खाऊन टाकते. त्यापेक्षा जमिनीवर सतरंजी, त्यावर दोन घडीची गोधडी, आणि तुम्ही गुडघ्यांवर. गुडघ्याखाली योगाची चटई दुमडून. जमिनीवर गुडघ्यावर बसून वजन टाकता येतं, उकिडवं बसून येत नाही.

सव्वामहिना | दुपारी १:४०

+१. बाळाची मालिश पाय पसरून नडग्यांवर करतो तेव्हाही पाठीला भिंत घ्या. भिंत नसेल तर उशी. आणि पाय पसरलेल्या अवस्थेतून बाळ हातात घेऊन झटकन उठायचं नाही. आधी बाळ आजीच्या किंवा आईच्या हातात, मग उठायचं. तेलकट हात, तेलकट बाळ, ओली फरशी. पडण्याची जागा हीच.

खवट | दुपारी २:२२

तेलाबद्दल.

मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला अभ्यंगासारखी मालिश असेल तर ६० ते ८० मिली, नुसती पाठ-खांदे-मान २० मिली, बाळाला १० ते १५. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण १३ पूर्ण मालिशी. तेल तुमचं की त्यांचं हे पहिल्या फोनवर ठरवा. बाळाचं तेल नेहमी त्यांचं. अंगावर काही उठलं तर बाटली त्यांच्या घरात असते आणि बोट कोणाकडे दाखवायचं हा वाद होत नाही.

खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी आठला बाटलीतून येतच नाही. थंडीत तीळ, उन्हाळ्यात खोबरेल, हा जुना ठोकताळा सोयीचाही आहे. मोहरीचं तेल नवजात बाळाला नको, त्याने त्वचा चिडते. ऑलिव्ह ऑइलचं नाव मोठं, पण नवजात बाळाच्या त्वचेला तेही फारसं मानवत नाही. बदाम, शेंगदाणा लावण्याआधी घरात कोणाला ॲलर्जी आहे का विचारा.

गरम करायची पद्धत एकच: स्टीलची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात. थेट गॅसवर वाटी ठेवली की वरचं कोमट आणि तळाचं पोळणारं, आणि ते तळाचं नेमकं शेवटी पाठीवर जातं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा.

उरलेलं तेल परत बाटलीत ओतायचं नाही. त्यात पाण्याचा थेंब, त्वचेचे कण जातात आणि बाटली लवकर खवट होते. घाण्याचं तेल घेत असाल तर एका वेळी लिटरभरच, गडद बाटलीत, तारीख लिहून. खवट तेलाचा वास आधी चादरींना येतो. ग्राहक तोंडावर बोलत नाही, पुढच्या वेळी बोलावत नाही.

धुणंभांडी | दुपारी ३:०५

चादरींचा विषय निघालाच आहे तर. हा खर्च सगळ्या जणी विसरतात.

तेलाचं कापड घरच्या कपड्यांबरोबर धुवायचं नाही. अर्धी बादली कडक पाणी, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, थोडं भांडी घासायचं लिक्विड. तासभर भिजत. मग मशीनमध्ये गरम पाण्याच्या चक्रावर, निम्मंच भरून. कपडे मऊ करणारं लिक्विड बिलकुल नको, त्याने तेल धाग्यात बसतं आणि टॉवेल पाणी शोषत नाही. मशीनच्या दाराची रबरी रिंग आठवड्यातून एकदा पुसा, तिच्या घडीत तेल साचतं. महानारायणसारख्या सिद्ध (औषधी वनस्पती घालून उकळलेल्या) तेलांचे पिवळे डाग जात नाहीत, त्यासाठी गडद रंगाच्या चादरी वेगळ्या ठेवा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. तेल पूर्ण न निघालेले टॉवेल ड्रायरमध्ये वाळवले, किंवा इस्त्री करून गरम असतानाच घडी घालून पिशवीत कोंबले, तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. हवेशी होणाऱ्या प्रक्रियेने तेल तापतं आणि घडीतून उष्णता बाहेर पडत नाही. जवसाच्या तेलाला हा धोका सर्वांत जास्त. दोरीवर उन्हात वाळवा, गार झाल्यावर घडी करा.

मोरीची_जाळी | दुपारी ३:२८

आणि ग्राहकाच्या मोरीचं काय! तेल लावून डाळीच्या पिठाने अंग चोळलं की तेल आणि पीठ मिळून नळीत लादी होते. तिसऱ्या आठवड्यात पाणी तुंबतं आणि प्लंबरचं बिल बाईच्या नावावर. आधी अंगावरचं जास्तीचं तेल जुन्या कापडाने किंवा कागदी नॅपकिनने टिपा, मग पीठ. पीठ म्हणजे भज्यांसारखं पातळ नाही, कोरडंच चोळून खाली वर्तमानपत्रावर झाडायचं. उरलेलं पाण्याने. मोरीवर स्टीलची बारीक जाळी, तीस-चाळीस रुपयांची, तुमच्या पिशवीतच ठेवा.

माणूस टेबलावरून उतरण्याआधी त्याचे तळवे कोरडे पुसा. सगळ्यात आधी तळवे. म्हातारी माणसं पडतात ती मालिशीने नाही, मालिशीनंतरच्या चार पावलांत.

अण्णांचा_अभ्यंग | दुपारी ४:१०

पुरुष थेरपिस्टना बाळ-बाळंतिणीची घरं मिळत नाहीत हे उघड आहे. आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक, खेळाडू आणि कंबरदुखीवाले. सकाळी ६ ते ८ आणि दुपारी ११ ते ४ ही वेळ मिळते, म्हणजे मुलांची शाळा आणि संध्याकाळ दोन्ही मोकळी. बायका मात्र ८ ते १ मध्ये अडकतात, नेमक्या डब्याच्या वेळेला. घरात दोघंही याच व्यवसायात असतील तर त्याने पहाटेची आणि दुपारची घ्यावीत, तिने सकाळची, आणि शाळेची पोच त्याच्याकडे.

जाहिरातीत "स्पा" शब्द टाळा. "मालिश", "अभ्यंग", "ज्येष्ठांसाठी" असं लिहा. रात्री आठनंतर येणाऱ्या चौकशीला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर. निम्मे नको ते फोन तिथेच गळतात. "फिजिओथेरपिस्ट" लिहू नका, महाराष्ट्रात त्यांची स्वतंत्र परिषद आणि नोंदणी आहे. "लकवा बरा होईल", "मधुमेह जाईल" असलं काही छापू नका, १९५४ च्या औषधी जाहिरातींच्या कायद्यात ते बसत नाही.

चार_कुलपं | दुपारी ४:४४

बायकांनी पहिल्या भेटीला: सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर आधी मेसेजवर. वॉचमनच्या वहीत नोंद करूनच वर. घरच्यांना लाइव्ह लोकेशन आणि संपायची वेळ. घरात दुसरी बाई आहे का, हे फोनवरच विचारा, दारात नाही. टेबल अशा जागी लावा की दार तुमच्या बाजूला असेल. बोलणं घसरलं तर वाद नाही, "तब्येत बरी नाही" म्हणून टेबल सोडून निघा. टेबल नंतर कोणाला तरी घेऊन जाऊन आणता येतं. ११२ स्पीड डायलवर.

सव्वामहिना | संध्याकाळी ५:२०

कोणाला हात लावायचा नाही, हे प्रत्येकीच्या तोंडपाठ असलं पाहिजे.

बाळंतिणीची एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मालिश नाही, त्याच दिवशी डॉक्टर. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. घरचे म्हणतात "पायात गोळे आलेत, जरा दाबून दे". दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा, एकात फरक दिसला तर थांबा.

ताप १००.४ च्या वर, तासाभरात पूर्ण पॅड भिजेल इतकं रक्त, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही असलं तर तेलाची बाटली बंद आणि दवाखाना.

सिझेरियन असेल तर पोटाला हात नाही. पाठ, खांदे, पायसुद्धा डॉक्टरने हो म्हटल्यावर, आणि कुशीवर झोपवून, पालथं नाही. पोटपट्टा श्वास अडकेल इतका आवळायला घरातली मोठी मंडळी सांगतात. नको. त्याने पोट आत जात नाही, जोर खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो, आणि ते आधीच सैल झालेले असतात.

बाळाचं: दूध पाजून किमान अर्धा-पाऊण तास झालेला हवा. पंखा बंद, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, नखं कापलेली, मंगळसूत्र मागे टाकलेलं. नाळ पडेपर्यंत बेंबीजवळ तेल नाही. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. कानात, नाकात तेल नाही. नाकातलं तेल श्वासातून फुप्फुसात उतरतं. बाळाची स्तनाग्रं पिळणं नाही, त्याने गळू होतं. टाळूवर तेल लावा, दाबू नका. नाक ओढून सरळ होत नाही, डोकं चोळून गोल होत नाही. उलटं धरून झुलवणं, हातपाय ताणून कुडकुड आवाज काढणं, हे कितीही पिढ्यांपासूनचं असलं तरी नाही. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. आणि धुरीच्या नावाखाली खोली धुराने भरणं, ते तर नाहीच.

रिकामी_वाटी | संध्याकाळी ५:४१

आणि आजी ऐकत नसतील तर? घर सुटतं हो.

सव्वामहिना | संध्याकाळी ५:५८

"मी करत नाही" म्हणू नका, भांडण होतं. "आजी, तुमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की करते." कागद कोणी आणत नाही. आणि आजींना एक काम द्या, वाटीतलं तेल गरम ठेवणं, टॉवेल धरून उभं राहणं. मान राहतो.

हिशोबवही | संध्याकाळी ६:३०

दराचं. शेजारची किती घेते हे विचारून दर ठरवू नका, उलटा काढा. समजा घराला महिन्याला ३५,००० लागतात. तेल, धुणं, पेट्रोल, फोन मिळून ९,०००. आजारपण आणि सुट्ट्यांसाठी बाजूला ४,०००. एकूण ४८,०००. दिवसाला ४ मालिशी, महिन्याला २४ दिवस म्हणजे ९६. त्यातल्या १६ रद्द होणार असं आधीच धरा. राहिल्या ८०. ४८,००० भागिले ८० म्हणजे एका मालिशीला ६००. तुमच्या भागात ४०० च मिळत असतील तर घरं वाढवायची नाहीत. अंतर कमी करायचं (एकाच सोसायटीत दोन घरं), किंवा ४५ मिनिटांची मालिश ४०० ला द्यायची.

बाळंतपणाचं सव्वा महिन्याचं काम ठोक ठरतं. पैसे तीन हप्त्यांत: पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी, तिसाव्या दिवशी. शेवटचा हप्ता चाळिसाव्या दिवशी ठेवला की बारशाच्या गडबडीत आणि माहेरी जाण्याच्या घाईत साडी मिळते, पैसे राहतात. "मुलगा झाला तर जास्त" ही बोली घेऊ नका, दर एकच.

रद्द करण्याचा नियम: आदल्या रात्री ८ पर्यंत सांगितलं तर काही नाही, नंतर निम्मे. हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

हिशोबवही | संध्याकाळी ६:५२

कागदपत्रं थोडक्यात, कारण यात फारसं काही नाही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आधारवर, मोफत. एजंटला पैसे देऊ नका. स्वतःची जागा घेऊन मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटी वर्षाला २० लाखांच्या आत लागत नाही. यूपीआयने आलेलं सगळं खात्यात दिसतं, म्हणून घरचं आणि धंद्याचं खातं वेगळं.

विमा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना (अपघाताचा विमा) वर्षाला २० रुपये, जीवन ज्योती (आयुर्विमा) ४३६ (१८ ते ५० वयात घेता येते). सुरक्षा विम्यात अपघाताने दोन्ही हात गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. लक्षात घ्या, अंगठा सुजून दोन महिने घरी बसलात तर त्यात एक रुपया नाही. तो पैसा म्हणजे वरच्या हिशोबातले ४,०००. त्यांना दिवाळीत हात लावायचा नाही.

उंबरठा | संध्याकाळी ७:१५

दिवाळीवरून आठवलं. नरक चतुर्दशीला पहाटे सगळ्यांनाच मालिश हवी असते. आपल्या घरचं पहिलं अभ्यंगस्नान कधी करायचं?

तिन्हीसांजा | संध्याकाळी ७:४०

दोन मार्ग आहेत, तिसरा नाही. एक, त्या दिवशी फक्त चालू बाळंतिणीची घरं, तीही नऊनंतर, आणि बाकी सगळ्यांना धनत्रयोदशीचा दिवस द्यायचा. दोन, पहाटेची दोन घरं दुप्पट दराने, आणि घरचं उटणं-तेल आदल्या रात्री वाट्यांत काढून नवऱ्याकडे. मुलांना ते कोण लावतंय याने फरक पडतो असं वाटत असेल तर पहिला मार्ग. दोन्ही साधायला गेलात तर उशीर दोन्हीकडे.

बाकी वर्षाचं गणित असं: मे महिन्यात मोठ्या माणसांची घरं गावी जातात, बाळंतिणी जात नाहीत. गणपतीत पाच ते दहा दिवस रद्द. पावसाळ्यात गुडघे-कंबरवाले वाढतात पण प्रवासाला दीडपट वेळ लागतो, म्हणून मधली २० मिनिटं ३० करा. मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात संध्याकाळची घरं लावू नका. तशीही संध्याकाळची घरं आठवड्याला दोनच दिवस ठेवा. ५ ते ७:३० ही वेळ नोकरदार ग्राहकाला हवी असते आणि गृहपाठालाही तीच.

बदली | रात्री ८:२५

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. घरात मुलाला ताप, कांजिण्या, जुलाब, किंवा तुमच्या ओठावर तापाची पुळी असेल तर नवजात बाळाच्या घरी पाऊल टाकायचं नाही. ओठावरच्या त्या पुळीचा विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. शाळेत जाणारी मुलं असली की वर्षाला आठ-दहा दिवस असे येणारच, म्हणून बदलीची बाई आधीच ठरलेली हवी.

नियम लिहून ठेवा. बदलीच्या दिवसाचे पूर्ण पैसे बदलीच्या बाईचे, मधलं कमिशन नाही. घर मात्र मूळ बाईचं, बदलीने तिथे स्वतःचा नंबर द्यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा तिला बरोबर नेऊन बाळाच्या आईला दाखवा, म्हणजे सकाळी सातला "आज दुसरी बाई येईल" म्हटल्यावर दार उघडतं. तीन जणींचा गट बरा, दोघींच्या गटात दोघींची मुलं एकाच वर्गात असली तर एकदमच आजारी पडतात.

रिकामी_वाटी | रात्री ९:०२

बरं, सहाची चार करते. पण एक सांगा, कणीक मळायचं यंत्र किती माणसांचं घ्यायचं?

अंगठा_वाचवा | रात्री ९:१६

चार माणसांना अर्धा किलो पिठाचं भांडं पुरतं. पाणी एकदम ओतू नका, नाहीतर गोळा पात्याला गुंडाळून मोटार तापते. पीठ आणि पाऊण पाणी आधी, मग थेंबाथेंबाने. तेल शेवटी. आणि ते धुवायचं काम यंत्राबरोबरच दुसऱ्याकडे द्या. पात्याखालचं सुकलेलं पीठ खरवडायला अंगठाच लागतो.